बेचाळिसावे काम

जंजिऱ्याला एवढे वेढे पडले, तोफा धडाडल्या, पण किल्ला काही पडला नाही. मी सात मिनिटांत पडलो. आणि समोर तोफसुद्धा नव्हती. निवृत्तीला दोन महिने उरलेली, पाच फूट उंचीची, फिक्या निळ्या ओढणीतली एक बाई होती आणि तिच्या हातात तांबडी पेन्सिल होती.

पहिल्या मिनिटाला माझा ‘नेत्रदीपक’ गेला. दुसऱ्या मिनिटाला ‘अहोरात्र’ आणि ‘अथक’ हे जुळे भाऊ एकाच रेघेखाली आडवे झाले. तिसऱ्या मिनिटाला ‘सागराच्या लाटांशी झुंज देत’ या माझ्या लाडक्या शब्दांपाशी पेन्सिल थांबली. मला वाटले, बाई भारावल्या.

“कोणी दिली झुंज?”

“खात्यानं.”

“कुठं?”

“म्हणजे... एकूणच.”

“खात्याचे इंजिनिअर दोन,” बाई म्हणाल्या. “एकाला बोट लागते. दुसरे गेल्या पावसाळ्यापासून रजेवर आहेत. झुंज शिपायानं दिली असेल तर तसं लिहा, मी त्याला विचारून खात्री करते.”

सातव्या मिनिटाला माझ्या सोळा पानांची अडीच पाने झाली होती. कचेरीतल्या अकराही टेबलांवर शिक्के हवेत थांबले होते. खिडकीबाहेर समुद्र घाबरून दहा पावले मागे सरला, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो. अर्थात तेव्हा ओहोटीची वेळ होती, हे मला नंतर बाईंनीच सांगितले.

या कुबरा दफेदार. हुद्दा सांख्यिकी सहायक, नोकरी एकतीस वर्षे, गाव आगरदांड्याच्या अलीकडे. मी अलिबागेतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा, वाढदिवसाच्या फलकांचा मजकूर लिहितो. शिवाय दिवाळी अंकांना विनोदी लेख देतो. खात्याने मला बोलावले होते ते वर्षभराच्या कामगिरीची पुस्तिका ‘जरा फुलवून’ लिहायला. फुलवणे हाच माझा धंदा. माझ्या पत्रिकांतला प्रत्येक नवरा कर्तृत्ववान असतो आणि प्रत्येक फलकावरचा दादा गोरगरिबांचा आधार असतो. आजवर कोणी विचारले नव्हते की कोणत्या गरिबाचा, आणि कधी.

खात्याबद्दलही सांगायला हवे. त्याचे नाव वीस वर्षांत तीनदा बदलले, पाटी मात्र एकदाच बदलली, त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर सगळे त्याला नुसते ‘खाते’ म्हणतात. धक्के, नळयोजना, खाडीचे बांध, शाळेच्या टाक्या, दवाखान्याची होडी अशी जी कामे दुसऱ्या कुठल्याही खात्याला नको असतात ती सगळी याच्या गळ्यात. आणि खरे सांगायचे तर ते ती करते. हळू करते, कुरकुरत करते, तीन प्रतींत करते, पण करते. मी वर्षानुवर्षे त्या धक्क्यांवरून चढलो-उतरलो होतो आणि ते कोणीतरी बांधले असतील हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

दर मार्चअखेर किनाऱ्यावरच्या सगळ्या कचेऱ्या आपापली कामगिरी विभागाला कळवत. जिची सगळी कामे पूर्ण ती पहिली, आणि पहिलीला नवी जीप. आमच्या कचेरीची जीप उतारावरच सुरू व्हायची. सदा ड्रायव्हर तालुक्यात कुठेही गेला तरी आधी उतार शोधायचा, मग गाव. त्या वर्षी कचेरीने बेचाळीस कामे हाती घेतली होती आणि मार्चच्या मध्यापर्यंत एकेचाळीस पूर्ण झाली होती. पूर्ण म्हणजे कुबराबाईंच्या वहीत पूर्ण. कंत्राटदाराच्या मते ती दिवाळीतच झाली होती.

बाईंची एक पद्धत होती आणि तिची कचेरीत भरपूर थट्टा व्हायची. प्रत्येक काम त्या दोनदा पाहत. एकदा भांगात, एकदा उधाणात. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी सांगतो: पुनव-अवसेच्या आसपास भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी जेमतेम हलते, तो भांग. बाईंचे वडील गलबतावर तांडेल होते. खाडीकाठची कुठलीही वस्तू दोन्ही वेळा पाहिल्याशिवाय विकत घ्यायची नाही, हे त्यांनी मुलीला शिकवले होते. मुलीने ते सरकारी नोकरीला लावले.

“मॅडम, शाळेच्या संडासाला कसली आलीय भरती?” असे एकदा मोठ्या कारकुनांनी विचारले होते म्हणे. त्या अमावस्येला संडासातून खेकडा वर आला. तेव्हापासून ते विचारत नाहीत.

बाईंचे यजमान वहाबभाई अठरा वर्षे कुवेतला काढून परतलेले, आता घरामागे सुपारी लावतात. त्यांना मी या दोनदा पाहण्याबद्दल विचारले तर ते म्हणाले, “मलापण दोनदाच पाह्यलंन. एकदा चांगले कपडे घालून तिच्या घरी गेलो तवा. नि एकदा मी मच्छीवालीशी भांडत होतो, तवा लांब उभं राहून. मग हो म्हणाली.” एवढे सांगून ते इतक्या अभिमानाने हसले की त्यांना खात्याचे प्रमाणपत्र मिळाले आहे असेच वाटावे.

माझी अडीच पाने पुन्हा वाढवायची तर कामे स्वतः बघायला हवीत, असे बाईंनी ठरवले आणि मला जीपमध्ये घातले. सदाने उतार शोधला. मी तक्रार करत गेलो आणि चार दिवसांत बाईंचा भक्त होऊन परतलो.

एका धक्क्याच्या पायऱ्या बघायच्या होत्या. भांगात बाईंनी त्या आधीच पाहिलेल्या. पण उधाणाच्या ओहोटीत, एरवी पाण्याखाली राहणाऱ्या शेवटच्या चार पायऱ्या उघड्या पडतात, म्हणून त्या परत आल्या होत्या. मासळी घेऊन चढणारी गोदू नावाची कोळीण त्यांना बघून थांबली.

“दफेदारबाय, परत आलीस? पायऱ्या काय पलून जातान काय?”

“जरा टोपली दे.”

“कशाला? इकायला बसतेस?”

बाईंनी ती बांगड्यांची भरलेली टोपली डोक्यावर घेतली, ओढणीची चुंबळ केली आणि शेवाळातल्या त्या चार पायऱ्या उतरून, वळून परत वर आल्या. मासळीचे पाणी कानावरून ओघळत होते. धक्क्यावरची सगळी होड्यांची माणसे काम सोडून बघत होती. वर आल्यावर त्यांनी हात पुसले आणि वहीत लिहिले: ‘पायऱ्या बावीस. खालच्या चारही पाहिल्या. डोक्यावर ओझे घेऊन चढता येते. काम पूर्ण.’

‘पूर्ण’ लिहिताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे. पोराचा पहिला नंबर आल्यासारखा.

दवाखान्याची होडी त्यांनी मी येण्यापूर्वीच, उलट भांगात तपासली होती, कारण पाणी कमी असताना ती खाडीकाठच्या वाड्यांना टेकते की नाही हा खरा प्रश्न होता. होडी रिकामी कशी तपासायची, म्हणून रुग्ण म्हणून त्या स्वतः स्ट्रेचरवर झोपल्या. नर्सबाईंनी हसू दाबत पट्टे बांधले. खाडी ओलांडून पलीकडे रुग्णवाहिकेच्या रस्त्यापर्यंत सव्वीस मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात पडल्या पडल्या बाईंनी होडीच्या छपराला दोन भोके शोधली. आठवड्याने भोके बुजवल्याचे पत्र आले. त्या परत जाऊन परत झोपल्या. मग ‘पूर्ण’. त्या होडीतून त्या वर्षी नऊ बाळंतिणी वेळेवर पलीकडे पोचल्या. हे माझ्या मजकुरात ‘आरोग्यक्रांती’ असे होते. बाईंनी ते खोडून ‘नऊ’ लिहिले. मला आधी राग आला. मग मी दोन्ही शब्द वाचून पाहिले, आणि नऊच मोठा वाटला.

राहिले बेचाळिसावे काम: पाणदेवाडीची नळयोजना. खाडीच्या टोकाला त्रेसष्ट घरांची वाडी, तिन्ही बाजूंनी खारे पाणी. टाकी नवी, नळ नवे, पितळी तोट्या अशा चकचकीत की बायका त्यात बघून टिकली लावत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा भांग होता. बाईंनी पाच नळांचे पाणी पिऊन पाहिले. गोड होते.

वाडीतली बायजाबाई कंबरेवर हात ठेवून हे बघत होती. सत्तरीची असेल, पण आवाज खाडीपलीकडे जाईल असा.

“आज गोडच हाय,” ती म्हणाली. “पुनवेला नि अवसेला ये. मंग बग.”

“खारं होतं?”

“खारा? डाल शिजवायला मीठ लागत न्हाय. सांगून सांगून थकलू. तपासणारं येतान, पितान, गोड हाय म्हनून लिवतान नि जातान. आता म्हनं एक तारखेपासना टँकर बंद. कागदावं पानी आला ना आमचा!”

खरी अडचण हीच होती. आठवड्यातून तीनदा वाडीत टँकर यायचा. योजना पूर्ण अशी नोंद झाली की टँकर एक एप्रिलपासून थांबणार, हा नियम होता आणि नियमात काही चूक नव्हती. पण बायजाबाई खरे बोलत असेल तर उन्हाळ्यातल्या प्रत्येक पंधरवड्यात चार-पाच दिवस त्रेसष्ट घरांना पिण्याचे पाणी मिळणार नव्हते. बायजाबाईची सून प्राप्ती दोन आठवड्यांची बाळंतीण होती. ती दारात बसून सगळे ऐकत होती. नजर कुबराबाईंवर होती.

“तुम्ही लिहा ना खारं होतं म्हणून,” मी परतताना म्हणालो.

“मी कुठं प्यायले खारं?” बाई म्हणाल्या. ऐकीव गोष्ट त्यांच्या वहीत चढत नसे, मग ती कौतुकाची असो की तक्रारीची. आणि उधाण होते एकोणतीस तारखेला, सोमवारी. विभागाला अहवाल पाठवायची शेवटची मुदतही त्याच सोमवारी संध्याकाळी पाचची.

आमचे साहेब हर्षद बिराजदार. लातूरकडचे, तरुण, हुशार, कामाला वाघ. त्या बेचाळीस कामांतली निम्मी त्यांनी अक्षरशः कंत्राटदारांच्या मागे धावून करून घेतली होती. त्यांना नवी जीप स्वतःसाठी नको होती. त्यांना ती सदासाठी हवी होती, असे ते म्हणत, आणि सदाला ते खरे वाटे. त्यांनी शुक्रवारी बाईंना बोलावले.

“मॅडम, पाणदेवाडीत पाणी गोड होतं की नाही?”

“होतं सर.”

“मग सही का नाही?”

“भांग होता.”

“आमच्याकडे पाण्याला असले नखरे नसतात हो. आमच्याकडे एक तर पाणी असतं, नाहीतर नसतं. एकेचाळीस झाली, एका सहीसाठी जीप जाणार?”

“सर, एकेचाळीस कामं मी हातानं चाचपून पाहिलीत,” बाई म्हणाल्या. “कोणीही या नि बघा, असं मी छातीठोक सांगते. बेचाळिसावं तसं सांगता आलं पाहिजे.”

साहेबांनी समोरची फाइल मिटली. त्यांना बाईंबद्दल आदर होता, आणि हीच त्यांची अडचण होती. ते स्वतः सही करू शकले असते. मग ते माझ्याकडे वळले. “तुमच्या पुस्तिकेला मुखपृष्ठ काय?”

मी म्हणालो, एखादा मोठा फोटो हवा.

“पाणदेवाडीचा घ्या. नळाचं पाणी पिताना. मी येतो. कधी जाऊ या, मॅडम?”

“सोमवारी,” बाई ताबडतोब म्हणाल्या. “दुपारी साडेबारा. उजेड चांगला असतो.”

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा थोडा उतरला. “सोमवारी अमावस्या आहे.”

“हो सर.”

आता गंमत अशी की आदल्याच दिवशी, म्हणजे गुरुवारी, साहेबांनी हायस्कुलात अंधश्रद्धेवर पाऊण तास भाषण ठोकले होते. त्यात अमावस्येवर वीस मिनिटे होती. सदा दारात उभा होता, मोठे कारकून कान टवकारून होते. लातूरच्या माणसाला अमावस्या म्हणजे मुहूर्त वाईट एवढेच माहीत. आमच्याकडे अमावस्या म्हणजे भरती किती वाजता, हे कचेरीतल्या शिपायालाही माहीत. त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळले होते, एका साहेबांना सोडून. आणि कोणीही बोलले नाही.

“अमावस्या तर अमावस्या,” साहेब बाणेदारपणे म्हणाले. “सोमवारी साडेबारा.”

सोमवारी पाणदेवाडीत आम्ही पोचलो तेव्हा खाडी बांधाच्या काठोकाठ आली होती. नळाला झेंडूची माळ होती. बायजाबाईने घासून लखलखीत केलेला तांब्या आणि पेला पुढे केला. सगळी वाडी जमली होती आणि सगळी वाडी विलक्षण शांत होती. साहेबांनी कॉलर नीट केली, पेला भरला, माझ्याकडे बघून हसले आणि एका दमात रिकामा केला.

त्यांच्या चेहऱ्यावर जे झाले ते मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. आधी भुवया वर गेल्या, मग कान मागे गेले, मग मान खांद्यात गेली. पण लातूरचा माणूस पाणी थुंकत नाही. ज्या गावात टँकरसाठी रांगा बघितल्या तिथला माणूस पाणी थुंकूच शकत नाही. त्यांनी ते गिळले.

माझे सगळे लक्ष फोटो हलू नये याकडे होते; उधाण मी साफ विसरलो होतो. मी म्हणालो, “साहेब, जरा हलला फोटो. अजून एक पेला घ्या.”

हे माझ्या आयुष्यातले सर्वांत क्रूर वाक्य. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, वाडीकडे पाहिले, दारातल्या प्राप्तीकडे आणि तिच्या मांडीवरच्या मुलाकडे पाहिले. मग दुसरा पेला भरला आणि तोही प्यायले. हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत, जणू पहिल्या वेळी काही चुकले असेल तर खात्री करून घ्यावी.

“मीठ बेताचा हाय ना सायेब?” बायजाबाईने विचारले, आणि वाडी फुटली. इतके हसली की बांधावरचे बगळे उडाले. साहेबांना आधी राग आला. मग उचकी आली. मग तेही हसायला लागले. मग हसू थांबवून त्यांनी विचारले, “हे दर अमावस्येला असं?”

“पुनवेला बी.”

कुबराबाईंनी पेला घेतला, स्वतः घोटभर पाणी प्यायल्या आणि साहेबांना बांधावर नेले. टाकी नवी होती, नळ नवे होते, पण खाडीच्या तळाशी जाणारा पाइपाचा तुकडा जुनाच ठेवला होता. उधाणाला तो खोल बुडायचा आणि फुटक्या सांध्यातून खाडी आत शिरायची. भांगात खाडीच्या पाण्याचा तेवढा दाब नसे, त्यामुळे तपासणाऱ्याला पाणी गोडच मिळायचे. बाईंनी हे तीन वाक्यांत सांगितले आणि पाइप कुठे फुटला असेल ती जागा छत्रीच्या टोकाने दाखवली. नंतर खणल्यावर सांधा तिथून चार हातांवर निघाला.

जीप हमरस्त्याला लागेपर्यंत साहेबांनी पाण्याची अख्खी बाटली संपवली. मग म्हणाले, “मॅडम, तुम्हाला माहीत होतं.”

“संशय होता सर. माहीत आज झालं. दोघांनाही.”

“आधी सांगितलं असतंत तर?”

“तुम्ही मानलं असतंत का?”

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “नसतं,” ते म्हणाले.

पावणेपाच वाजता त्यांनी अहवाल पाठवला. त्यात बेचाळीसपैकी एकेचाळीस कामे पूर्ण होती आणि बेचाळिसाव्यापुढे लिहिले होते: ‘पाणी उधाणात खारे. स्वतः दोन पेले पिऊन पाहिले. जुना पाइप बदलेपर्यंत टँकर चालू ठेवावा.’ कुबराबाईंनी तो मसुदा वाचला आणि एकही शब्द खोडला नाही. त्या कचेरीत हा सन्मान कोणाला कधी मिळाला नव्हता. मला तर नाहीच.

एक तारखेला सकाळी पाणदेवाडीत टँकर आला. कुबराबाई एकतीस मे रोजी निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मी त्यांना ‘कर्तव्यनिष्ठेचा दीपस्तंभ’ म्हणणार होतो, पण समोरच्या रांगेत त्या बसलेल्या दिसल्या आणि मी ‘त्यांनी एकतीस वर्षे प्रत्येक काम दोनदा पाहिले’ एवढेच म्हणून खाली बसलो. वहाबभाईंनी टाळ्या वाजवल्या. बायजाबाई वाडीतून ओल्या काजूगरांची पिशवी घेऊन आली होती, ती तिने बाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, “आता आमाला कोन तपासंल?”

नवी जीप त्या वर्षी दुसऱ्या कचेरीला गेली. पाणदेवाडीचा पाइप पुढच्या फेब्रुवारीत बदलला, मार्चच्या दोन्ही उधाणांत पाणी गोड आले आणि टँकर थांबला. तोवर विभागाने ती स्पर्धा बंद केली होती, पुस्तिकाही निघाली नाही, त्यामुळे बेचाळिसाव्या कामाची नोंद कुठेच छापलेली नाही.